मलिक अंबर : जमीन आणि पाण्याचा हिशेब जाणणारा राज्यकर्ता

अहमदनगर जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. नाव बदलले, पण जिल्ह्याचे दुखणे जुनेच आहे. उत्तरेकडे पाटाचे पाणी, ऊस आणि साखर कारखाने. दक्षिणेकडे पाथर्डी, जामखेड, कर्जत भागात पाऊस हुकला की टँकरची वाट. ज्याच्याकडे जमीन त्याला पाणी आणि ज्याच्याकडे जमीन नाही त्याच्या हाती ऊसतोडीचा कोयता, अशी ही वाटणी आहे. पर्यावरणाचे रक्षण, हरित अर्थव्यवस्था, शाश्वत विकास हे शब्द आज फार बोलले जातात. परंतु जमीन कोणाची, पाणी कोणाचे आणि त्यातून कोणी किती घ्यावे, हा मूळ प्रश्न विचारला की सगळे गप्प बसतात. हा प्रश्न याच मुलखात चारशे वर्षांपूर्वी एका माणसाने सोडवायला घेतला होता. तो राजपुत्र नव्हता, सरदाराचा मुलगाही नव्हता. तो बाजारात विकला गेलेला गुलाम होता. त्याचे नाव मलिक अंबर. १६२६ च्या मे महिन्यात तो वारला, म्हणजे २०२६ हे त्याच्या मृत्यूचे चारशेवे वर्ष. किती जणांना हे ठाऊक आहे?

मलिक अंबरचा जन्म १५४८ च्या सुमारास आफ्रिकेत, आजच्या इथिओपियात झाला. आपल्याकडे त्या देशाला हबसाण म्हणत आणि तेथून आलेल्यांना हबशी. त्याचे मूळ नाव चापू. लहानपणीच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडला. तांबड्या समुद्राकाठचे मोखा बंदर, पुढे बगदाद, असा तो एका मालकाकडून दुसऱ्या मालकाकडे जात राहिला. बगदादच्या मीर कासिम नावाच्या व्यापाऱ्याने त्याची हुशारी ओळखून त्याला शिक्षण दिले आणि अंबर हे नाव दिले. शेवटी तो दख्खनेत आणला गेला. निजामशाहीचा मुख्य प्रधान चंगेजखान याने त्याला विकत घेतले. हा चंगेजखान स्वतःही हबशी होता आणि एके काळी गुलामच होता. म्हणजे अहमदनगरच्या दरबारात गुलामाला प्रधान होता येत होते. आमच्या गावगाड्यात मात्र महाराला पाटील होता येत नव्हते. हा फरक आम्ही मुद्दाम नोंदवून ठेवतो.

अंबरचे तारुण्य अहमदनगर शहरात गेले. आज तेथील रहिवाशांनाही विसर पडलेली एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. निजामशाहीच्या काळात या शहराला पाणी खापरी नळांनी येत असे. कापूरवाडी, शेंडी अशा आसपासच्या गावांच्या उंचावरून भाजलेल्या मातीच्या नळांतून, चुनेगच्चीच्या आवरणाखाली, निव्वळ उताराच्या बळावर पाणी शहरातील हौदांत, महालांत आणि बागांत पोहोचविले जाई. शहा डोंगरावरची जी इमारत लोक चांदबिबीचा महाल म्हणून दाखवितात, ती प्रत्यक्षात सलाबतखानाची कबर आहे. शहराची पाण्याची कामे ज्यांच्या नावाशी जोडली जातात त्यांत हा सलाबतखान ठळक आहे. अंबरने हे सारे डोळ्यांनी पाहिले असणारच. बगदादच्या बाजूला जमिनीखालून पाणी आणण्याची जुनी विद्या होती, तीही त्याने पाहिली असावी. गुलामाला आपले असे काही बाळगता येत नाही, पण डोळ्यांनी शिकलेले कोणी हिसकावून घेऊ शकत नाही.

चंगेजखानाच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीने अंबरला गुलामीतून मुक्त केले. काही वर्षे त्याने विजापूरकडे चाकरी केली, मग १५९५ च्या सुमारास तो पुन्हा निजामशाहीत आला. तेव्हा हे राज्य शेवटच्या घटका मोजत होते. चांदबिबीने अहमदनगरचा किल्ला शर्थीने लढविला, पण तिच्याच माणसांनी तिला ठार मारले आणि १६०० मध्ये किल्ला मोगलांच्या हाती गेला. राजधानी गेली, राजा कैदेत गेला. दरबारातील खानदानी मंडळी आपापली वतने वाचवीत होती. अंबरने मात्र परांड्याला निजामशाही घराण्यातील एका मुलाला दुसरा मुर्तजा म्हणून गादीवर बसविले आणि त्याच्या नावाने कारभार हाती घेतला. पुढची पंचवीस वर्षे अकबर आणि जहांगीर या दोन बादशहांच्या फौजांना त्याने दख्खन सुखाने गिळू दिली नाही. मराठा घोडेस्वार, हबशी शिपाई आणि डोंगराळ मुलूख हे त्याचे बळ होते. समोरासमोर न भिडता रसद तोडायची, हा त्याचा गनिमी कावा. मालोजी आणि शहाजी भोसले याच राज्यात वाढले, हे सर्वांना माहीत आहे.

जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत अंबरचा उल्लेख त्याच्या काळ्या रंगावरून आणि गुलामीवरून हिणवूनच केला आहे. अंबरचे कापलेले मस्तक भाल्यावर आहे आणि बादशहा त्यावर बाण मारतो आहे, असे एक चित्रही त्याने काढून घेतले. प्रत्यक्षात ते मस्तक त्याच्या हाती कधीच लागले नाही. ज्याला रणांगणात हरविता येत नाही, त्याला जन्मावरून हिणवायचे, ही रीत आमच्या ओळखीची आहे. उलट १६१७ मध्ये त्याच्या छावणीत गेलेल्या पीटर व्हान डेन ब्रोके या डच व्यापाऱ्याने, हा माणूस कडक आहे पण लोकांचा त्याच्यावर जीव आहे आणि त्याच्या मुलखात बंदोबस्त चोख आहे, अशा अर्थाची नोंद करून ठेवली.

हा जीव कशामुळे होता? आमच्या मते त्याचे उत्तर तलवारीत नाही, त्याच्या महसुलात आहे. त्याच्या आधी इजाऱ्याची पद्धत होती. एखाद्या परगण्याचा वसूल जो जास्त रकमेला बोली लावील त्याला द्यायचा. त्या इजारदाराला जमिनीशी देणेघेणे नसे. दोन-तीन वर्षांत जितके पिळता येईल तितके पिळायचे, रयत गाव सोडून गेली तर जावो, रान पडीक पडले तर पडो. अंबरने हा इजारा बंद केला. जमिनीची प्रत आणि प्रत्यक्ष आलेले पीक पाहून सरकारचा वाटा ठरवायला सुरुवात केली. आधी काही हंगाम धान्याच्या रूपाने सुमारे दोन पंचमांश भाग घेतला. त्यातून कोणती जमीन किती देते याचा अनुभव जमला. मग त्याचे रोख रकमेत रूपांतर केले आणि ती रक्कम सुमारे एक तृतीयांशाच्या घरात ठेवली, असे मराठ्यांच्या इतिहासात सांगितले जाते. मुख्य म्हणजे ही रक्कम दरवर्षीच्या लागवडीप्रमाणे ठरे. लागवड घटली तर वसूलही घटे. पडीक रान त्याने गावाची सामाईक मालमत्ता मानली, असेही अभ्यासक सांगतात.

वाचकहो, यात अवघड असे काही नाही. जमीन जितके देते त्याच्या प्रमाणात घ्या, आधी मोजा आणि मग मागा. आजचे पंडित ज्याला शाश्वत अर्थकारण म्हणतात, ते याहून वेगळे काय आहे? याच्या उलट वागल्यावर काय होते, हेही याच जिल्ह्याने पाहिले. इंग्रजांनी वर्षानुवर्षांसाठी ठरीव रोख सारा बांधला. पाऊस पडो न पडो, सारा भरलाच पाहिजे. शेतकरी सावकाराच्या दारात गेला, जमिनी गहाण पडल्या आणि १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुप्याला पेटलेला दंगा अहमदनगर जिल्ह्यातील गावागावांत पसरला. कर्जाचे कागद जाळले गेले. मातीला न विचारता बांधलेल्या साऱ्याचा हा शेवट होता.

जमिनीप्रमाणेच पाण्याचे. १६१० मध्ये अंबरने खडकी नावाच्या लहान गावी नवी राजधानी वसविली. तेच पुढे औरंगाबाद आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. खडकाळ माळावर एवढी वस्ती करायची तर पाणी कुठून आणणार? त्याने उत्तरेच्या डोंगरांकडे पाहिले. डोंगरात मुरलेले पाणी जमिनीखालच्या बांधीव मार्गाने गोळा करून उताराने शहरात आणले. ठराविक अंतरावर हवा खेळण्यासाठी आणि गाळ काढण्यासाठी तोंडे ठेवली. ही नहर-ए-अंबरी. तिला मोट लागत नव्हती, बैल लागत नव्हते, इंधन लागत नव्हते. पाणी झाकलेले असल्याने उन्हाने आटत नव्हते. आणि डोंगरात जेवढे मुरेल तेवढेच ती देत होती, त्यामुळे भूगर्भ उपसून कोरडा करण्याचा प्रश्नच नव्हता. मोगलांनी १६१६ मध्ये खडकी लुटली, जाळली, तरी शहर पुन्हा उभे राहिले आणि अंबरची नहर पुढे शतकानुशतके पाणी देत राहिली. पर्यटक जी पाणचक्की पाहतात ती नंतरच्या काळातली, पण विद्या तीच. आज त्या नहरींवर घरे उभी राहिली आहेत, तोंडे बुजली आहेत आणि शहर जायकवाडीच्या पाण्याची वाट पाहते.

पाण्याची ताकद अंबरला किती कळली होती, याचा शेवटचा दाखला आमच्या जिल्ह्यातच आहे. १६२४ मध्ये मोगल आणि विजापूरकर यांच्या एकत्रित फौजा त्याच्यावर चालून आल्या. नगर तालुक्यातील भातोडीजवळ अंबरने तळ दिला आणि तेथील तलावाचे पाणी सोडून शत्रूच्या वाटेत चिखल केला. मोठी फौज रुतली, रसद तुटली, माणसे फुटली. संख्येने कमी असूनही अंबर जिंकला. शहाजीराजांचे बंधू शरीफजी याच लढाईत पडले. त्यानंतर दोनच वर्षांनी अंबर गेला. खुलताबादला त्याची कबर आहे.

आम्ही अंबरला देव करणार नाही. देव करणे हा आमचा धर्म नाही. दोन पंचमांश वाटा हा काही थोडा नव्हता. त्याच्या गनिमी काव्याची किंमत रयतेच्या उभ्या पिकांनीही मोजली. आणि सर्वांत महत्त्वाचे, गावगाड्याच्या उतरंडीला त्याने हात लावला नाही. पाटील, कुलकर्णी, वतनदार जागच्या जागी राहिले आणि त्यांच्याखाली महार-मांगांची राबणूकही तशीच राहिली. स्वतः गुलामीतून सुटलेल्या या माणसाला गावकुसाबाहेरची गुलामी मोडता आली नाही. त्यासाठी बाबासाहेबांना यावे लागले. १९२७ मध्ये त्यांनी महाडला पाण्यावरचा हक्क सांगितला, १९२८ मध्ये महार वतनाच्या बेड्या तोडण्यासाठी मुंबई कायदे मंडळात विधेयक मांडले, आणि १९४२ ते १९४६ या काळात मजूर मंत्री म्हणून दामोदर खोऱ्यासारख्या योजनांचा पाया घातला. १९४७ मध्ये त्यांनी शेतजमीन राज्याच्या मालकीची करून ती जातिभेद न पाळता कसायला द्यावी, अशी मांडणी केली. अंबरचा हिशेब जेथे थांबतो, तेथून बाबासाहेबांचा सुरू होतो. जमिनीतून किती घ्यावे हे अंबरने सांगितले. ते कोणाला मिळावे हे बाबासाहेबांनी सांगितले. हे दोन्ही प्रश्न एकत्र विचारल्याशिवाय पर्यावरणाची कोणतीही गोष्ट पुरी होत नाही.

हे आज सांगण्याचे कारण आहे. अंबरच्या काळात जे पडीक रान गावाचे सामाईक होते, तेच आमचे गायरान. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांनी याच जमिनींसाठी सत्याग्रह केले, तुरुंग भरले. १९९१ मध्ये शासनाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरविले, तरी असंख्य कुटुंबांच्या हाती सातबारा पडला नाही. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने गायरानावरील अतिक्रमणे हटविण्याचे आदेश दिले. आणि २०२३ पासून सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यासाठी शासकीय व गायरान जमिनी देण्यात आल्या. सूर्याच्या विजेला आमचा विरोध नाही. ती हवीच. पण हिरव्या विजेसाठी जमीन शोधताना बोट नेमके भूमिहीनाच्या दोन एकरांवरच का पडते? उसाच्या फडांवर का पडत नाही? ज्या रानावर गावाची शेळी चरते, विधवा बाई बाजरी पेरते, ते रान पडीक आहे असे कोणी ठरविले?

अंबरने आधी मोजले आणि मग मागितले. आजच्या शासनाने निदान एवढे करावे. गायरानावर कोण कसते, किती वर्षे कसते, त्यावर किती चुली पेटतात, याची मोजणी ग्रामसभेत उघडपणे व्हावी आणि त्यानंतरच एक खांब रोवला जावा. आणि आपल्या कार्यकर्त्यांनी या चारशेव्या वर्षात भातोडीच्या तलावावर, खुलताबादच्या कबरीवर जरूर जावे, तरुणांना घेऊन जावे. तेथे फुले वाहून परतू नये. परतताना वाटेवरच्या प्रत्येक गावी थांबून एवढेच विचारावे, की येथले गायरान किती होते, आज किती उरले आहे आणि ते कोणाच्या ताब्यात आहे.