एक्स-रे सर्वांचा करणारे रोंटजेन

यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात वणीहून आलेला जुन्या खोकल्याचा रुग्ण असो की पुसदहून आलेला अपघातग्रस्त, त्याला आधी एक्स-रे काढायला सांगितले जाते. या तपासणीचे जनक विल्हेल्म रोंटजेन यांचा जन्म २७ मार्च १८४५ रोजी जर्मनीतील लेनेप येथे झाला.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी वुर्झबर्गच्या प्रयोगशाळेत, काळ्या कागदाने झाकलेल्या नळीत वीज सोडताच जवळचा रासायनिक लेपाचा पडदा चमकू लागला. त्या अज्ञात किरणांना त्यांनी ‘एक्स’ नाव दिले. २२ डिसेंबरला पत्नी ॲना बर्था यांच्या हाताची हाडे आणि बोटातली अंगठी फोटोच्या काचेवर उमटली.

१९०१ मध्ये त्यांना पदार्थविज्ञानाचे पहिलेच नोबेल मिळाले. ती रक्कम त्यांनी विद्यापीठाला दिली. पेटंट घेतले नाही, म्हणून एक्स-रे कुणा एकाच्या मालकीचा झाला नाही. महायुद्धानंतरच्या महागाईत मात्र त्यांची बचत बुडाली. १० फेब्रुवारी १९२३ रोजी म्युनिकमध्ये आतड्याच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

सुरुवातीला संरक्षणाविना हे किरण हाताळणाऱ्या अनेकांचे हात भाजले, काहींचा जीव गेला. आज छातीच्या एका सीटी स्कॅनमध्ये साध्या एक्स-रेच्या सुमारे ७० पट किरणोत्सर्ग होतो. सोनोग्राफी व एमआरआयमध्ये हे किरण नसतात. त्यामुळे सीटीचा हट्ट धरू नये. डॉक्टरांनी सांगितल्यास भीतीने टाळूही नये. जुन्या फिल्म मात्र जपून ठेवाव्यात व सोबत आणाव्यात. त्यामुळे एखादा स्कॅन वाचू शकतो.