भाषांची कुळे शोधणारे ग्रिअर्सन

वाशीम जिल्ह्यात गावोगावी वऱ्हाडी बोलली जाते, तर पोहरादेवी परिसरातील तांड्यांवर बंजारा बोली कानी पडते. शेजारी नांदणाऱ्या या बोलींपैकी पहिली मराठीची, तर दुसरी राजस्थानी-गुजरातीची नातलग, हे सविस्तर मांडले जॉर्ज अब्राहम ग्रिअर्सन यांच्या भाषा सर्वेक्षणाने.

ग्रिअर्सन यांचा जन्म ७ जानेवारी १८५१ रोजी डब्लिनजवळ झाला. ट्रिनिटी महाविद्यालयात रॉबर्ट अॅटकिन्सन यांच्यामुळे त्यांना संस्कृतची गोडी लागली. १८७३ मध्ये सनदी अधिकारी म्हणून ते बंगाल प्रांतात आले. बिहारमध्ये कारभार सांभाळतानाच त्यांनी तेथील बोलींची व्याकरणे सिद्ध केली. १८८६ च्या व्हिएन्ना प्राच्यविद्या परिषदेत भारतीय भाषांच्या पाहणीची मागणी पुढे आली. १८९४ मध्ये कामास प्रारंभ झाला आणि १८९८ मध्ये ग्रिअर्सन अधीक्षक झाले.

बायबलमधील उधळ्या पुत्राची कथा प्रत्येक बोलीत उतरवून घ्यायची, जोडीला स्थानिक मजकूर आणि शब्दांची ठरावीक यादी मिळवायची, अशी त्यांची पद्धत होती. एकच मजकूर सर्वत्र असल्याने तुलना सोपी झाली.

मराठीचा खंड त्यांचे नॉर्वेजियन सहकारी स्टेन कोनो यांनी १९०५ मध्ये सिद्ध केला. त्याच वर्षी तेव्हाचा बासीम जिल्हा मोडून अकोला आणि यवतमाळ जिल्ह्यांत विभागला गेला. वाशीम पुन्हा जिल्हा झाला तो १९९८ मध्ये. १९०६ च्या खंडात मेळघाटातील कोरकू मुंडा कुळात, तर गोंडी द्राविडी कुळात नोंदवली गेली. बंजारा बोलीला १९०७ मध्ये स्थान मिळाले.

या कार्याला मर्यादाही होत्या. निजामाचे हैदराबाद संस्थान पाहणीच्या कक्षेबाहेर राहिल्याने वाशीमलगतचा हिंगोलीचा मुलूख वगळला गेला. बुलडाणा जिल्ह्यातील जामोद परिसरात बोलली जाणारी निहाली कोरकूच्या पंक्तीत बसविण्यात आली. कायपर यांनी १९६२ मध्ये तिचा स्वतंत्र अभ्यास मांडला. आज ती कोणत्याच कुळात न बसणारी भाषा मानली जाते. तिचे भाषक अवघे काही हजार उरले असताना सर्वेक्षणातील जुने नमुने म्हणूनच मोलाचे ठरतात.

१९२८ मध्ये सर्वेक्षण पूर्ण झाले, तेव्हा १७९ भाषा आणि ५४४ बोलींची नोंद झाली होती. ९ मार्च १९४१ रोजी इंग्लंडमधील कॅम्बर्ली येथे ग्रिअर्सन यांचे निधन झाले. ग्रामीण म्हणून हिणवल्या जाणाऱ्या बोलींनाही व्याकरण आणि वंशावळ असते, याची कागदोपत्री साक्ष त्यांनी मागे ठेवली.