रुपयाचा हिशेब मांडणारा विद्यार्थी

घरातल्या डब्यात पडलेली जुनी चिल्लर एकदा ओतून बघा. त्यात १९९० सालचा रुपया सापडला, तर उलटून पाहा. त्या वर्षीच्या काही नाण्यांवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा चेहरा आहे. जन्मशताब्दीनिमित्त सरकारने ती पाडली. घटनेचे शिल्पकार म्हणून तुम्ही त्यांना ओळखताच. पण ज्या रुपयावर त्यांचा चेहरा आला, त्याच रुपयावर त्यांनी लंडनमध्ये डॉक्टरेट केली होती, हे किती जणांना ठाऊक आहे?

१४ एप्रिल १८९१ ला महू इथे जन्मलेला हा मुलगा १९१२ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९१३ मध्ये तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोचला. तिथून १९१६ मध्ये लंडन. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. बाबासाहेबांनी हार मानली नाही. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले. शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने हातउसने दिले. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. तिथे पै-पैचा हिशेब ठेवून राहिले आणि दिवसभर ग्रंथालयात वाचत बसले.

प्रबंधाचा विषय होता रुपयाचा प्रश्न. परीक्षकांनी तो आधी बदल करायला परत पाठवला. बाबासाहेबांनी पुन्हा लिहून दिला. १९२३ मध्ये पदवी मिळाली आणि त्याच वर्षी तो पुस्तकरूपानेही निघाला.

त्यात काय होतं? आपल्या वऱ्हाडाचंच उदाहरण घ्या. पौंडाच्या तुलनेत रुपया स्वस्त झाला, की परदेशी कापूस पाठवणाऱ्या व्यापाऱ्याच्या हातात जास्त रुपये पडतात. मात्र बाजारात सगळंच महाग होतं आणि मजुराची मजुरी तेवढ्या वेगाने वाढत नाही. म्हणजे व्यापाऱ्याचा नफा मजुराच्या ताटातून निघतो. म्हणून रुपयाचे किती पौंड येतात यापेक्षा रुपयात किती धान्य येतं हे महत्त्वाचं, आणि हवे तितके रुपये पाडण्याची मोकळीक सरकारला नको, असं त्यांचं म्हणणं. केन्ससारख्या नामांकित अर्थतज्ज्ञाने उचलून धरलेल्या चलनपद्धतीला त्यांनी विरोध केला. १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष देतानाही त्यांनी हाच मुद्दा मांडला. पुढे दोनच वर्षांनी, नोव्हेंबर १९२७ मध्ये, ते अमरावतीत होते. अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून भरलेल्या परिषदेचे ते अध्यक्ष होते.

त्यांच्या काळचा रुपया सोळा आण्यांचा. एका आण्याचे चार पैसे, एका पैशाच्या तीन पै. म्हणजे रुपयाच्या १९२ पै! लंडनमध्येही तीच गत, एका पौंडाचे २४० पेन्स. शंभर पैशांच्या रुपयाचा कायदा आपल्याकडे १९५५ मध्ये झाला आणि १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ ला गेले. नवा पैसा त्यांनी पाहिलाच नाही. इंग्लंडने शंभराचा हिशेब धरला तो १९७१ मध्ये, आपल्यानंतर चौदा वर्षांनी.

आता तुमच्या मनातला प्रश्न : १९९० च्या त्या रुपयाचे किती मिळतील? फार नाही. नाणं जितकं जास्त पाडलेलं, तितका त्याचा भाव कमी. २००९ मध्ये ब्रिटनने क्यू गार्डन्सचं ५० पेन्सचं नाणं फक्त २ लाख १० हजार पाडलं, म्हणून संग्राहक त्याला दर्शनी किमतीच्या कितीतरी पट मोजतात. आपला आंबेडकर रुपया रोजच्या वापरासाठी काढलेला, तो दुर्मिळ नाही. त्यामुळे जुन्या नाण्याचे लाखो देतो, आधी शुल्क भरा, असा मेसेज आला तर एक रुपयाही पाठवू नका. रिझर्व्ह बँकेनेही अशा फसवणुकीबद्दल सावध केलं आहे.

आणखी एक. २०१५ मध्ये बाबासाहेबांच्या १२५ व्या जयंतीनिमित्त दहा रुपयांचं नाणं निघालं. आपल्याकडे काही दुकानदार अजूनही दहाचं नाणं घ्यायला कुरकुरतात. ते चलनात वैध आहे. पुढच्या वेळी कुणी नाही म्हटलं, तर गप्प बसू नका. नाण्यावरच्या माणसाची ही गोष्ट त्यांना सांगा.