मडक्यातला दहावा रुपया

मडके म्हणजे आपल्या घरातली किती साधी वस्तू! उन्हाळ्यात पाणी गार करणारी, घटस्थापनेला पूजेत बसणारी. पण त्याच्या 'मटका' या नावाला महाराष्ट्रात एक निराळाच अर्थ चिकटला. तो चिकटवण्यात मोठा वाटा होता कच्छमधून आलेल्या एका शेतकऱ्याच्या मुलाचा, कल्याणजी भगत यांचा.

त्यांचे मूळ आडनाव गाला. रताडिया हे गाव सोडून ते १९४१ मध्ये मुंबईत आले. मसाले विकत फिरले, किराणा दुकान सांभाळले. त्या काळी मुंबईतला आकड्यांचा जुगार न्यूयॉर्कच्या कापूसबाजारावर चाले. तिथल्या उघडत्या आणि बंद होत्या भावांवर इथे पैसे लागत. १९६१ मध्ये ते भाव येणे थांबले आणि खेळणाऱ्यांची पंचाईत झाली. कल्याणजींनी १९६२ मध्ये वरळीत स्वतःचाच आकडा काढायला सुरुवात केली. आधी मडक्यातल्या चिठ्ठ्या, पुढे पत्ते. तीन पत्ते काढायचे, बेरीज करायची आणि तिचा शेवटचा अंक धरायचा. एक अंक 'ओपन'चा, एक 'क्लोज'चा, दोन्ही मिळून 'जोडी'. १९६४ मध्ये रतन खत्रींनी आपला वेगळा मटका काढला. गिरणगावातल्या कामगारांपासून मराठवाड्यातल्या पानटपरीपर्यंत हा नाद पसरला.

लोकांना वाटे, यात कुठेतरी लबाडी असणार. बँकेत हिशेब तपासण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला मात्र वाटते की लबाडीची गरजच नव्हती. आकडे शून्य ते नऊ, म्हणजे दहा. एक रुपया लावून आकडा लागला, तर हातात येत नऊ रुपये. आता दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावून पाहा. एक आकडा नक्की लागेल, पण दहा रुपये देऊन घरी नऊच येतील. जोडीचेही तेच. शक्यता शंभरात एक, आणि फेड साधारण नव्वदपट. संधी दहात एक आणि भाव नऊचा, या फटीतून सगळी दौलत वाहत होती.

शंभर रुपये लावले तर सरासरीने नव्वद उरतात. तेच पुन्हा लावले तर ८१. अशा सात फेऱ्यांनंतर ४८ रुपयेही उरत नाहीत. दिवसाला ओपन-क्लोज अशा दोन फेऱ्या धरल्या, तर चार दिवसांत निम्मी रक्कम गेली. एखाद्याचा आकडा लागला की साऱ्या चाळीत बोभाटा होई. न लागलेले नऊ जण मात्र खाली मान घालून घरी जात, आणि त्या संध्याकाळी वाण्याची उधारी वाढलेली असे.

१८८७ चा जुगारबंदी कायदा डोक्यावर असूनही कल्याणजींचा खेळ वर्षानुवर्षे चालला. मागच्या शतकाच्या अखेरच्या दशकात, त्याच्या आरंभीच, ते वारले. त्यांचे नाव मात्र 'कल्याण' मटक्याच्या रूपाने मागे राहिले. त्यांच्याकडे ना पदवी होती, ना गणिताचे शास्त्र. पण दहा आणि नऊ यांतला फरक त्यांना नीट कळला होता. खेळणाऱ्यांना तो कळला असता, तर कितीतरी घरांतला पगार घरीच पोचला असता.

आता मडके गेले, चिठ्ठी गेली. मोबाइलच्या पडद्यावर क्रिकेटच्या सामन्याचे भाव झळकतात. मुलांना जुगार वाईट एवढेच सांगून भागत नाही. त्यांच्यापुढे दहा नाणी मांडा, नऊ परत द्या आणि दहावे कुठे गेले ते विचारा.