खाणीपर्यंत गेलेला जवाहिऱ्या

एप्रिल १६६३ मध्ये पुण्याच्या लाल महालात बोटे गमावून निघून गेलेला शाइस्तेखान मराठी वाचकाच्या नजरेआड होतो तो तेथेच. त्यानंतर पावणेतीन वर्षांनी, जानेवारी १६६६ मध्ये, बंगालचा सुभेदार म्हणून तो ढाक्यात होता आणि तेथे एका फ्रेंच व्यापाऱ्याकडून जवाहीर खरेदी करीत होता. त्या सौद्याचे पैसे वसूल करताना व्यापाऱ्याची पुरेवाट झाली. मोगल दरबारातील बड्या मंडळींशी व्यवहार म्हणजे काय, हे साठीत पोचलेल्या त्या गृहस्थाला तोवर चांगलेच ठाऊक झाले होते. त्याचे नाव जाँ-बाप्तिस्त टॅव्हर्निए.

टॅव्हर्निएचा जन्म पॅरिसमध्ये १६०५ चा. घराणे मूळचे अँटवर्पचे, धर्माने प्रॉटेस्टंट. घरात नकाशांचा व्यवसाय होता, आणि लहानपणापासून कागदावर पाहिलेले देश प्रत्यक्ष पाहावेत, या ओढीने त्याने तरुणपणीच घर सोडले. १६३० ते १६६८ या काळात त्याने पूर्वेकडे सहा सफरी केल्या. पहिली इराणपर्यंतच झाली. दुसऱ्या सफरीत तो हिंदुस्थानात आला आणि मग येतच राहिला. सुरतेहून गोवळकोंड्याला जाताना तो नवापूर, दौलताबाद, औरंगाबाद असा आपल्याच मुलुखातून गेला. नवापूरच्या बारीक तांदळाला कस्तुरीसारखा वास येतो, ही नोंद त्याने आवर्जून केली आहे.

त्या काळी युरोपात हिरे विकणारे पुष्कळ होते; पण हिरा नेमका कोठून निघतो, हे पाहिलेले जवळजवळ कोणी नव्हते. ब्राझीलच्या खाणी अठराव्या शतकात सापडल्या. तोवर, बोर्निओतून येणारा थोडा माल सोडला, तर जगाचा हिरा हिंदुस्थानातून जात असे. टॅव्हर्निए मध्यस्थांना ओलांडून थेट खाणींवर गेला. रावळकोंडा नावाची जी खाण त्याने वर्णिली आहे ती कर्नूल जिल्ह्यातील रामळ्ळकोटा असावी, असे त्याच्या ग्रंथाचे १८८९ मध्ये इंग्रजी भाषांतर करणारा भूगर्भशास्त्रज्ञ व्हॅलेंटाइन बॉल याने ठरविले. तेथे खडकांच्या अर्धा बोट रुंद फटींतून लोखंडी आकड्यांनी माती ओढून काढीत व ती धुऊन हिरे शोधीत.

दुसरी खाण कृष्णाकाठच्या कोल्लूरची. बाजरीसारखे धान्य पेरण्यासाठी जमीन खणणाऱ्या एका गरीब माणसाला तेथे पहिला हिरा सापडला, अशी हकीकत त्याला सांगण्यात आली. टॅव्हर्निए पोचला तेव्हा पुरुष, बायका व मुले मिळून साठ हजार माणसे तेथे राबत होती, असा त्याचा अंदाज आहे. पुरुष दहा-बारा, कधी चौदा फूट खणीत. पाणी लागले की थांबत. बायका-मुले माती वाहून नेत. गुडघाभर उंचीच्या भिंतीच्या आवारात ती माती पाण्यात भिजवून, निथळवून, उन्हात वाळवीत. मग ती सुपांनी धान्यासारखी पाखडीत, उरलेली ढेकळे कुटीत आणि शेवटी हाताने निवडीत. सुगीतल्या खळ्याशी परिचय असणाऱ्याला यातले काहीच परके वाटणार नाही.

मजुरीचा आकडाही त्याने टिपला आहे. रावळकोंड्याच्या कसबी कामगाराला वर्षाला तीन होन मिळत. मोठा हिरा सापडला तर एखादे पागोटे आणि वर थोडी बक्षिसी. पन्नास मजुरांवर बारा-पंधरा पहारेकरी असत, कारण लंगोटीखेरीज अंगावर काही नसलेली माणसेदेखील हिरा गिळून टाकीत. एकाने तर तो डोळ्याच्या कोपऱ्यात दडविला होता. टॅव्हर्निए मजुरांचा कैवारी मुळीच नव्हता. मात्र पोटाला पुरत नाही म्हणून ही माणसे चोरी करतात, हे त्याने स्पष्ट लिहून ठेवले. ज्या हिऱ्यांवर त्याची श्रीमंती उभी राहिली, त्यांच्याबद्दल एवढे तरी सांगणारे व्यापारी फार नाहीत.

खाणीवरचा बाजार हा त्याच्या लेखनातील सर्वांत रमणीय भाग. रोज सकाळी दहा ते सोळा वर्षांची वाण्यांची मुले तराजू आणि होनांची थैली घेऊन एका मोठ्या झाडाखाली बसत, हिरे पारखून घेत आणि संध्याकाळी नफा वाटून घेत. मोठ्यांचा सौदा मात्र मुक्याने होई. समोरासमोर बसून, कमरेच्या शेल्याखाली हात धरून: पूर्ण हात दाबला तर हजार, एक बोट म्हणजे शंभर, मधल्या पेरापर्यंत पन्नास, टोक म्हणजे दहा. आपल्या गुरांच्या बाजारात उपरण्याखाली चालणारा बोटांचा व्यवहार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना याची ओळख पटेल.

इतर रत्नांचीही मूळ ठिकाणे त्याने चिकाटीने शोधली. माणके पेगूची, म्हणजे ब्रह्मदेशातील, आणि सिलोनची. पिरोजे इराणात निशापूरजवळचे. मोती बहरीनचे व मन्नारचे. पाचूच्या बाबतीत तर त्याने प्रचलित समजुतीला सरळ विरोध केला. पूर्वेकडे पाचूची खाणच नाही, हा माल दक्षिण अमेरिकेतून फिलिपाइन्समार्गे येतो, असे त्याचे ठाम म्हणणे होते. २००० मध्ये शास्त्रज्ञांनी निजामाच्या खजिन्यातील जुने पाचू तपासले, तेव्हा त्यांतले बहुतेक कोलंबियाचे निघाले, एखादाच अफगाणिस्तानचा. म्हणजे अगदी बरोबर नव्हे, पण तीनशे वर्षे आधी पुष्कळसे बरोबर. राजकीय घडामोडींविषयी, विशेषतः शिवाजी महाराजांविषयी, त्याने जे लिहिले त्यात घोटाळे आहेत. वजन, भाव आणि अंतर यांत मात्र त्याचा हात सहसा चुकत नाही.

नोव्हेंबर १६६५ मध्ये दिल्लीत औरंगजेबाने त्याला आपले जवाहीर दाखविले. सोनेरी लाखेच्या दोन तबकांतून ते आणले गेले, तीनदा मोजले गेले आणि तीन कारकुनांनी त्याची यादी केली. अंड्याचा अर्धा भाग कापावा तशा आकाराचा ३१९.५ रतींचा मोठा हिरा त्याने हातात घेतला. कोल्लूरला निघाला तेव्हा तो ९०० रती होता. व्हेनिसच्या एका कारागिराने तो घासताना इतका वाया घालविला की त्यालाच दहा हजार रुपये दंड झाला.

परतल्यावर टॅव्हर्निएने चौदाव्या लुईला हजाराहून अधिक हिरे विकले. त्यात सुमारे ११५ कॅरेटचा एक निळा हिरा होता. १६६९ मध्ये राजाने त्याला सरदारकी दिली. जिनिव्हा सरोवराजवळची ओबोनची जहागीर त्याने विकत घेतली आणि १६७६ मध्ये प्रवासवर्णन प्रसिद्ध केले. ब्रांडेनबुर्गच्या इलेक्टरने हिंदुस्थानशी व्यापारासाठी कंपनी काढण्याचा बेत करून या म्हाताऱ्याला बोलावले होते, पण तो बेत बारगळला. १६८५ मध्ये लुईने प्रॉटेस्टंटांचे धर्मस्वातंत्र्य काढून घेतले. त्याच वर्षी जहागीर विकली गेली. ऐंशी ओलांडलेला टॅव्हर्निए पुन्हा पूर्वेची वाट धरून निघाला आणि १६८९ मध्ये मॉस्कोत वारला. मूर्तीचा डोळा चोरल्यामुळे त्याला कुत्र्यांनी फाडले, ही कथा पुढे हिऱ्याच्या शापाला रंग चढविण्यासाठी रचलेली आहे.

निळा हिरा १७९२ च्या धामधुमीत चोरीस गेला. पुन्हा घासलेला ४५.५२ कॅरेटचा त्याचा अंश ‘होप’ या नावाने १९५८ पासून वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. तो कोल्लूरचा असावा, असे मानतात. प्रत्येक रत्नाचे गाव विचारणाऱ्या टॅव्हर्निएने तो कोठे घेतला, हे मात्र लिहिलेले नाही. कोल्लूर गावही आता नाही. आंध्रातील पुलिचिंतला धरणाच्या जलाशयाने, महाबळेश्वराहून निघालेल्या कृष्णेच्या पाण्याने, ते पोटात घेतले आहे.