राणीच्या दारी रोझ बेर्तँ

उत्तर फ्रान्समधील आबव्हिल या गावी १७४७ साली एका सामान्य कुटुंबात रोझ बेर्तँ हिचा जन्म झाला. घरची स्थिती बेताची, पण मुलीचा हात कुशल. तरुणपणीच ती पॅरिसला आली आणि झालरी, फिती, टोप्या यांच्या दुकानात काम शिकली. लवकरच तिने स्वतःचे दुकान थाटले. त्याचे नाव काय, तर ‘थोर मोगल’! दिल्लीच्या बादशहाच्या वैभवाची ख्याती तेथवर पोचली होती.

१७७४ साली मारी आंत्वानेत फ्रान्सची राणी झाली आणि रोझचे दैव उघडले. आठवड्यातून दोनदा ती नवे नमुने घेऊन व्हर्सायच्या राजवाड्यात जाई. एका कारागीर बाईचा हा मान दरबारी स्त्रियांना खुपे. परंतु नटण्यासाठी त्याही तिच्याकडेच येत. त्या काळच्या केशरचना हात हात उंच असत. राजाने देवी टोचून घेतल्या, तेव्हा त्या आनंदाप्रीत्यर्थ स्त्रियांच्या मस्तकावर उगवता सूर्य आणि झाडाला विळखा घातलेला साप मिरवू लागला!

नव्या तऱ्हा परदेशी कळाव्यात म्हणून पॅरिसहून सजवलेल्या बाहुल्या धाडीत. १७७८ पासून ‘गालरी दे मोद’ ही चित्रमालिका निघू लागली. चित्रकार पोशाख रेखाटी, कारागीर तो तांब्याच्या पत्र्यावर कोरी आणि छापलेल्या चित्रात हाताने रंग भरीत. बाहुली महागाची, चित्र मात्र अनेक घरी पोचे. दरबारचा थाट आता शहरातील सधन बाईही आपल्या शिंप्याला दाखवू शकत होती.

इकडे राणीच्या खर्चाला सुमार राहिला नाही. लोक चिडून रोझला कपड्यांची मंत्रीण म्हणू लागले. खजिना मुख्यतः युद्धांनी रिता झाला होता. पण युद्धाचा खर्च डोळ्यांना दिसत नाही, रेशीम दिसते. पुढे राणीला साधेपणा रुचू लागला. १७८३ साली पांढऱ्या मलमलीच्या सैल झग्यातील तिचे चित्र प्रदर्शनात लागले. तेव्हाही गहजब झाला! हा आतला कपडा राणीला शोभत नाही, असे म्हणून लोकांनी नाके मुरडली. चित्र काढून घ्यावे लागले.

१७८९ साली राज्यक्रांती झाली. १७९२ साली राजकुटुंब कैदेत पडल्यावरही राणीच्या काही लहानसहान वस्तू रोझच्याच दुकानातून गेल्या. पुढे रोझने लंडनचा आश्रय घेतला. १७९३ साली राणीचा शिरच्छेद झाला.

१७९५ साली रोझ मायदेशी परतली, पण जुनी गिऱ्हाइके देशोधडीला लागली होती. १८१३ साली एपिने येथे ती वारली. थकलेल्या बिलांसाठी तिच्या वारसांचा तगादा पुढे कित्येक वर्षे चालू होता.