विश्लेषण : मराठी रंगभूमी दिन ५ नोव्हेंबरलाच का? कोण होते सांगलीचे विष्णुदास भावे?

दरवर्षी ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन साजरा होतो. १८४३ मध्ये याच दिवशी सांगलीत विष्णु अमृत ऊर्फ विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ हे नाटक सादर केले.

नाटकाची कल्पना कुठून आली?

१८४२ मध्ये कर्नाटकातील भागवत मंडळींनी सांगलीत यक्षगानाच्या धर्तीचे खेळ केले. संस्थानिक चिंतामणराव ऊर्फ आप्पासाहेब पटवर्धन यांना ते आवडले; पण त्यातला धांगडधिंगा खटकला. असेच खेळ मराठीत, अधिक नेटके व्हावेत म्हणून त्यांनी पदरच्या भावेंना हे काम सांगितले.

प्रयोग कसा होत असे?

सूत्रधार पदे गाई. आधी गणपती, मग मोरावरची सरस्वती येई, विदूषक हसवी. पात्रांची भाषणे लिहिलेली नसत. ती आयत्या वेळी रचली जात. स्त्रीभूमिकाही पुरुषच करत. तोंडाला रंग लावणे तेव्हा कमीपणाचे मानले जाई. नटांवर बहिष्काराची वेळ आली, तेव्हा राजेसाहेब पाठीशी राहिले.

हेच पहिले मराठी नाटक?

यावर मतभेद आहेत. यक्षगानाची परंपरा तेलुगूतही जुनी आहे. तंजावरचे शहाजीराजे भोसले (कारकीर्द १६८४ ते १७१२) यांनी तेलुगू यक्षगानांबरोबर मराठी नाटकेही लिहिली होती. मात्र ती तंजावरच्या दरबारी परंपरेत राहिली. महाराष्ट्रात नाटक गावोगावच्या प्रेक्षकांपर्यंत नेले ते भावेंच्या मंडळीने.

राजाश्रय गेल्यावर काय झाले?

१८५१ मध्ये आप्पासाहेबांचे निधन झाले आणि दरबारचा आधार तुटला. मंडळी मोडायची नसेल तर पोट प्रेक्षकांच्या पैशावरच भरावे लागणार होते. भावे दौऱ्यावर निघाले. १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात त्यांनी तिकीट लावून प्रयोग केले. मराठी नाटक धंदा म्हणून उभे राहू शकते, हे तिथे दिसले. पुढे अनेक गावांत नाटक मंडळ्या निघाल्या.

आज काय उरले आहे?

भावे १९०१ मध्ये निवर्तले. सांगलीतील नाट्यगृहाला त्यांचे नाव आहे आणि रंगभूमी दिनी तिथे ज्येष्ठ रंगकर्मींना विष्णुदास भावे गौरवपदक दिले जाते. राजाच्या हौसेपोटी सुरू झालेले नाटक आजही चालते ते तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकांवर.